प्रमिलाबाईंनी बांधलेला हात

धरणगावात प्रमिलाबाईंना वाईट म्हणणारं माणूस शोधून सापडायचं नाही, आणि हीच तर सगळी पंचाईत आहे. बाई वाईट असत्या तर चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

नवरा गेल्यावर सत्तेचाळीस साली त्यांनी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनामागच्या पत्र्याच्या खोलीत बालवाडी काढली. जिनात कापसाच्या कामाला जाणाऱ्या बायकांची तीन ते पाच वर्षांची पोरं तिथं बसायची. पाट्या कुणाकडे नव्हत्या, आणि बाई म्हणायच्या, हव्यात कशाला? आधी बोटं तयार होऊ देत! मग काय, जिनातून ओंजळभर सरकी आणायची, जमिनीवर खडूनं अक्षर काढायचं आणि त्यावर एकेक दाणा चिमटीनं मांडायला लावायचा. ओल्या मातीच्या वळ्या करून ‘ग’ आणि ‘म’ वळायचे. ताटात राख पसरून बोटानं गिरवायचं. महिन्याभरात पोरांची बोटं अशी चालायला लागायची की आया बघत राहायच्या.

सगळ्यांत हुशार झुंबर, जिनात पोती शिवणाऱ्या बेबाबाईची पोर. वय पाच. बाकीच्यांचा ‘अ’ जेवून सुस्तावलेल्या माणसासारखा पसरायचा. हिचा एक दाणा रेघेबाहेर जाईल तर शपथ. फक्त ती सगळं डाव्या हातानं करायची. बाईंना ते दिसत होतं, खटकतही होतं. पण कौतुकात दिवस गेले.

दसऱ्याला गावच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई सरस्वतीपूजनाला आल्या. झुंबर पुढे झाली आणि तिनं राखेत डाव्या हातानं झोकात श्री काढला. “अगंबाई! डाव्या हातानं श्री? हे शिकवता होय तुम्ही?” भरल्या पोरांत बोलल्या त्या! प्रमिलाबाईंचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि झुंबरचा डावा हात तिच्या कमरेशी बांधला. रागानं नाही हो, मायेनं! मांडीवर घेऊन सांगितलं, “डाव्या हातानं लिहिलं की सरस्वती कोपते, बाळ. उद्या सासरी जायचंय तुला. लोक हसतील.” मग उजव्या हाताची बोटं धरून गिरवून घ्यायला लागल्या. रोज. दिवाळी गेली, संक्रांत गेली. उजव्या चिमटीतून सरकी सांडायची, मातीची वळी तुटायची. पोर बसल्या जागी परकर ओला करायला लागली. बाई म्हणायच्या, होईल सवय. डोंबलाची सवय होणार!

होळीच्या आधी बेबाबाई आली. “बाई, आते तिले नका बोलावा. शाळानं नाव काढं का पोर रडस.” बाईंनी परोपरीनं समजावलं, पण झुंबर परत आली नाही. मोठ्या शाळेचंही तिनं कधी तोंड पाहिलं नाही. बाईंना महिनाभर चुटपुट लागली. मग नवी पोरं आली.

बारा वर्षांनी बालवाडीला सरकारी मान्यता मिळाली आणि मदतनीस बाईची जागा निघाली. अट एकच, सही करता आली पाहिजे. झुंबर तेव्हा नवऱ्यानं टाकलेली, अमळनेरहून माहेरी आलेली, कडेवर लेकरू. जागा मिळाली तर दोघांचं पोट भरणार होतं. बाईंनी तिचंच नाव पुढे केलं. म्हणाल्या, महिनाभरात सही शिकवते.

रोज दुपारी शिकवत होत्या. उजव्या हातातला टाक रुतायचा, ‘झु’ काढता काढता कागद फाटायचा. शेवटी एक दिवस बाईंना राहवेना. “डाव्या हातात घे गं टाक. घे! मी सांगते ना!”

झुंबरनं तो हात पदराखाली घेतला. “तो हात नको, बाई. सरस्वती कोपस. तुम्हीच सांगेल शे.”

बाई रागावल्या, रडल्या, त्या सतरा वर्षांच्या पोरीपुढे हात जोडले. “मी चुकले गं. मूर्ख होते मी.” झुंबरला वाटलं, बाई आपली परीक्षा बघतायत. ती मान हलवत राहिली.

ठरल्या दिवशी दोघी कचेरीत गेल्या. कारकुनानं अर्ज पुढे सरकवला. झुंबरनं उजव्या हातात टाक धरला. सहीच्या जागी शाईचा मोठा डाग पडला.

“येत नाही ना? मग जागा नाही. पण अर्ज फायलीला लावायचा तर खाली काहीतरी हवं, अंगठा लाव.” तिनं उजवा हात पुढे केला तसा तो खेकसला, “तो नव्हे, डावा! कागदावर डावाच लागतो.” आणि त्यानंच तिचा डावा हात पदराखालून ओढून शाईच्या गादीवर दाबला, मग अर्जावर दाबला.

प्रमिलाबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांना तिकडे बघवेना.

झुंबरनं अंगठा लुगड्याला पुसला, कागदावरचा ठसा निरखून पाहिला आणि हळूच विचारलं, “आते बरोबर शे ना, बाई?”