पंक्चरवाल्याचं नाक

मला माणसांची किळस येते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला सज्जन समजून फसायला नको. पाणीपुरवठा कचेरीत तक्रारखिडकीवर मी एकतीस वर्षं बसलो. लोक बाटलीत गढूळ पाणी भरून आणायचे, त्यात अळ्या वळवळत असायच्या, आणि ती बाटली माझ्या डब्याशेजारी ठेवून म्हणायचे, "बघा, हे पितो आम्ही." मी बघायचो, नोंद करायचो आणि संध्याकाळी डबा न उघडता घरी न्यायचो. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा. तर माझ्याच पायाला जखम झाली.

साखरेचा आजार जुना. नव्या बुटाने उजव्या पायाच्या करंगळीजवळ फोड आणला. पायाला काही कळतच नाही, त्यामुळे मलाही तो आठवडाभर कळला नाही. कळला तो मोज्याला चिकटलेल्या पिवळ्या डागावरून. तो मोजा मी चिमटीत धरून कचऱ्यात टाकला आणि मग बराच वेळ हात धूत बसलो. पायाकडे पाहायचं मात्र टाळलं. आमची ताई जिना उतरून खाली आली आणि दारातच म्हणाली, "घरात काही मेलंय का रे?" तोपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचे यजमान गेले, माझी बायको गेली, आता ती वरच्या मजल्यावर आणि मी खाली. ती स्वामींची भक्त. स्वामींना जाऊन अकरा वर्षं झाली, पण तिच्या बोलण्यात ते रोज हजर असतात. गावाबाहेर त्यांचा मठ आहे, मठामागे दवाखाना, आणि दवाखान्यात जखमा धुवायची एक खोली. ज्यांना घरचे हात लावत नाहीत अशा माणसांच्या जखमा स्वामी स्वतः बसून धुवायचे, हे खरं आहे. माझ्यासारख्या नास्तिकालाही ते मान्य आहे. पण त्यांच्यामागे भक्तांनी एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की स्वामींना किळस कधी शिवली नाही, सडलेल्या जखमेतूनही त्यांना चंदनाचा सुगंध येई. ताईने ते पान मला मोठ्याने वाचून दाखवलं. मला मळमळलं. जखमेने मळमळलं नव्हतं इतकं त्या पानाने मळमळलं.

तरी गेलो. कारण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "जखम वर दिसतेय तेवढीच राहिली तर पाय वाचेल. आत उतरली तर कापावा लागेल. एक दिवसाआड यायचं, चुकवायचं नाही."

आणि मला त्या खोलीत धाडलं. तिथे होता पंक्चरवाला.

त्याचं खरं नाव दवाखान्यात कोणी घेत नाही. पूर्वी रस्त्याकडेला सायकलींची पंक्चरं काढायचा म्हणून हे नाव पडलं, आणि आता पट्ट्या बांधतो म्हणून ते टिकलं. साठीकडे झुकलेला, किडकिडीत, आणि चेहऱ्याच्या मानाने नाक जरा जास्तच मोठं. खोलीत एक उंच बाक, एक स्टूल, उकळत्या पाण्याचं पातेलं, कात्र्या-चिमट्यांचा ट्रे आणि एक खिडकी, जी तो थंडीतही उघडी ठेवी. त्याने माझा पाय मांडीवर घेतला, पट्टी कापली आणि नाक जखमेपासून वीतभर अंतरावर आणून श्वास आत ओढला.

मला शिसारी आली. माझ्याच पायाची, आणि त्याहून जास्त त्याची.

"अहो, हे काय करता?"

"वास घेतोय, साहेब."

"तोंडाला फडकं तरी बांधा."

"बांधलं तर कळणार कसं? जखम आधी नाकाला सांगते, डोळ्यांना मागाहून. वरून गुलाबी दिसते आणि आत घाण साचलेली असते. शिळ्या रक्ताचा वास वेगळा, पुवाचा वेगळा. आणि एक वास असा असतो की तो आला की मी डॉक्टरीणबाईंना हाक मारतो, बाकी काही करत नाही."

पुढे महिनाभर मी त्याला जवळून पाहिलं, कारण बाकावर बसल्यावर दुसरं पाहायला काही नसे. हा माणूस नाकासाठी जगायचा. वासाचा साबण लावत नसे, डोक्याला तेल नाही, तंबाखू नाही. सकाळच्या जेवणात कच्चा कांदा नाही. सर्दी झाली की कामाला येत नसे, कारण, म्हणे, "आंधळ्याने मोटार चालवू नये." घरी बायको त्याला अंगणात अंघोळ घालून मगच आत घेते, हे त्याने हसत सांगितलं. लग्नकार्यात नातेवाईक त्याच्याशेजारी जेवायला बसत नाहीत, हे मात्र हसत सांगितलं नाही.

मी त्याला टोमणे मारायचो. "काय पंक्चरभाऊ, आज हवा किती?" तो म्हणायचा, "पुढच्या चाकाची ठीक आहे, साहेब, मागच्याचं आपलं चाललंय." जखम भरत होती. मला तो आवडू लागला होता, आणि माझ्या बाबतीत हे वर्षा-दोन वर्षांतून एकदा होतं.

मग देणगीदारांची पाहणी ठरली. बाहेरगावची बडी मंडळी दवाखाना बघायला येणार होती. भक्तमंडळींना हुरूप चढला. भिंती धुतल्या, पडदे लावले, स्वामींचा मोठा फोटो आणून नेमका जखमांच्या खोलीत टांगला. आणि पुस्तकातल्या त्या चंदनाला कोणी विसरू नये म्हणून पाहुणे यायच्या आधी खोलीत चंदनाचं अत्तर शिंपडायचं ठरलं. ती सेवा ताईने मागून घेतली. नुसतं खोलीत शिंपडून ती थांबली नाही. पडद्यांवर, बाकावर, पंक्चरवाल्याच्या सदऱ्यावरसुद्धा तिने अत्तर टाकलं. वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली. हे सगळं डोळ्यांत पाणी आणून, अगदी मनापासून. ज्या स्वामींनी आयुष्यभर नाक झाकलं नाही, त्यांच्याच खोलीचं नाक भक्तांनी भक्तीने बंद केलं.

त्या दिवशी माझी पाळी होती. मी बाकावर, पाय पंक्चरवाल्याच्या मांडीवर, आणि समोर अर्धवर्तुळात दहा-बारा माणसं माझ्या जखमेकडे प्रसन्न चेहऱ्याने बघत उभी. एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघ ना, खरंच सुगंध येतोय." फोटोवाला मला म्हणाला, "आजोबा, जरा हसा." तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, माझ्या तळपायाला तेवढं कळत नाही, तरीही गेली.

पंक्चरवाल्याने वाकून श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग मान वर करून हलक्या आवाजात म्हणाला, "खिडकी उघडता येईल का कोणाला?" भक्तांपैकी एक जण म्हणाला, "पाच मिनिटं थांबा, फोटो होऊ द्या." तो थांबला. मग त्याने जखम धुतली, पट्टी बांधली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मला आज काही कळलं नाही, साहेब. उद्या सकाळी सगळ्यांच्या आधी तुम्ही या. परवा नको, उद्याच."

मी नाही गेलो.

याला काही सबब नाही. मला त्या खोलीची, त्या फोटोवाल्याची, त्या गोड चेहऱ्यांची अशी घृणा बसली होती की जाणं जिवावर आलं. ताईला सांगितलं, "जाऊन आलो." दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. पाय दुखत नव्हता, दुखणार कसा? तिसऱ्या दिवशी थोडी कणकण वाटली, म्हटलं हवा बदलली. चौथ्या दिवशी दुपारी दार वाजलं. पंक्चरवाला सायकलवरून, उन्हातून आला होता. त्याने काही विचारलं नाही. मला खुर्चीवर बसवलं, जमिनीवर बसून पट्टी सोडली.

या वेळी मलाही वास आला. त्याचं वर्णन मी करणार नाही. पंक्चरवाला उठला, भराभर मोरीत गेला आणि ओकला. मी ऐकत बसलो. चूळ भरल्याचा आवाज आला, मग तो परत आला, तोच पाय पुन्हा मांडीवर घेतला, स्वच्छ फडक्यात गुंडाळला.

"रिक्षा बोलावतो," तो म्हणाला. "मोठ्या दवाखान्यात जायचंय. आत्ता."

"पाय जाणार?"

"माहीत नाही. बसून राहिलात तर नक्की जाणार."

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. पाय राहिला. सर्जन म्हणाले, आणखी एक दिवस उशीर झाला असता तर घोट्यापर्यंत कापावं लागलं असतं. शुद्धीवर आलो तेव्हा पलंगाच्या एका बाजूला ताई होती आणि दुसऱ्या बाजूला स्टुलावर पंक्चरवाला. ताईचा चेहरा उतरला होता. मी झोपलोय असं समजून ती त्याला विचारत होती.

"त्या दिवशी अत्तर नसतं तर तुम्हाला कळलं असतं, हो ना?"

मला वाटलं, आता हा गोड काहीतरी बोलेल. असल्या वेळी लोक बोलतात.

"कळलं असतं," तो म्हणाला. "पण खिडकी मी उघडायला हवी होती, ताई. उठून, स्वतः. पाहुण्यांसमोर मला संकोच वाटला. माझी चूक जास्त आहे."

ताई रडू लागली. "स्वामींनी काय म्हटलं असतं? त्यांना तर किळस कधी..."

"येत होती."

"काय?"

"किळस. रोज येत होती." तो हळू बोलत होता, पण ताई एकेक शब्द ऐकत होती. "माझी आई अंथरुणाला खिळली होती. पाठीला जखमा झाल्या, हाड दिसायचं. मला जवळ जाववत नसे. स्वतःच्या आईच्या. दारातून ताट सरकवायचो आणि दुकानावर पळायचो. शेवटी तिला मठात नेऊन टाकलं. टाकलंच म्हणा. स्वामी तिची पाठ धुवायचे, मी बाहेर बसायचो. एकदा ते बाहेर आले, भिंतीमागे गेले आणि ओकले. मी पाहिलं. त्यांना कळलं की मी पाहिलं. मला म्हणाले, 'तुला येते तेवढीच मलाही येते. किळस गेल्यावर आत जाईन म्हणून थांबलास, तर तुझी आई तशीच राहील.' आणि परत आत गेले. मी त्या दिवशी त्यांच्यामागून आत गेलो. आई अजून सतरा दिवस होती."

"हे पुस्तकात नाही," ताई म्हणाली.

"मी सांगितलं होतं. लिहून घेणाऱ्यांना ते बरं वाटलं नाही."

मी डोळे उघडले. या दोघांनी चूक आपसात वाटून घेतली होती, आणि माझा वाटा मला कोणी देत नव्हतं. एकतीस वर्षं खिडकीमागे बसून मी लोकांच्या चुका नोंदवल्या, स्वतःची कधी बोललो नाही. ते बोलणं मला ऑपरेशनपेक्षा जड गेलं.

"मी गेलोच नव्हतो, ताई," मी म्हणालो. "यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं होतं. मी तुझ्याशी खोटं बोललो. तुमच्या सगळ्यांची घाण वाटत होती मला. आणि तेवढ्यासाठी चार दिवस पाय सडू दिला."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल, आणि बोलायला हवं होतं. पण तिने फक्त माझ्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. मला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

दोन आठवड्यांनी घरी आलो. चालायची मनाई होती, आणि पट्टी रोज बदलायची होती. पंक्चरवाल्याला मठातले रोगी सोडून रोज येणं शक्य नव्हतं. तो पहिल्या दिवशी आला तो ताईला शिकवायला. ताई हात धुऊन, पदर खोचून पुढे बसली. तिच्या ओठांवर स्वामींचं नाव चाललेलं मला दिसत होतं. पंक्चरवाल्याने पट्टी सोडली. बोटांच्या जागी काळ्या टाक्यांची ओळ होती, मधून पाणी झिरपत होतं, सुजलेली कातडी तांबडीलाल. मी भिंतीकडे तोंड केलं.

ताईचं पुटपुटणं बंद झालं.

"मला घाण वाटतेय रे," ती म्हणाली. तिच्या आवाजात लाज होती. "तुझा पाय आहे, आणि मला घाण वाटतेय. माझ्याच्याने होणार नाही."

सहा-सात वर्षांचा असताना मी आजारी पडलो की हीच माझ्या उशाशी बसायची. मी भिंतीकडचं तोंड वळवलं आणि पहिल्यांदाच माझ्या पायाकडे, जिथे बोटं नव्हती तिथे, सरळ पाहिलं.

"मलाही वाटतेय, ताई," मी म्हणालो.

तिने नाक पुसलं, दोन्ही हातांनी टाच धरली आणि खाली वाकली.