भांगाच्या दिवसाची सहल

आमच्या शाळेची मुंबईची सहल दरवर्षी एकाच दिवशी निघायची, गावची जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी. जत्रा पौर्णिमेची. त्या दिवसांत सकाळी पाणी पार खाली गेलेलं असतं. रेवसच्या धक्क्यावरून लाँच खोल दिसते, पायऱ्या शेवाळलेल्या, आणि शेवटी एक उडी मारावीच लागते. पोरांना मुंबईपेक्षा त्या उडीचंच कौतुक जास्त.

गेल्या वर्षी माझ्या सातवीच्या वर्गात चाकांच्या खुर्चीवर येणारी एक मुलगी होती. अभ्यासात बेताची, पण बोलण्यात कुणाला हार जायची नाही. सहलीचं ठरताना मुख्याध्यापकांनी तिचा विषय स्वतःहून काढला. माणूस मनाने चांगला. तिला घेऊन उडी कोण मारणार, कुणाचा पाय घसरला तर, त्यापेक्षा तिच्यासाठी मुंबईहून छानशी भेट आणू, असं ते म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. सहलीला न्यायचं नाही आणि वर भेट द्यायची, हा कुठला न्याय?

वर्गशिक्षिका म्हणून तिच्या आईला सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. तिचा नवरा ट्रकवर, त्यामुळे मुलीला शाळेत आणणं-नेणं हीच करायची. तिने वाद घातला नाही.

"न्हाय नेलीत तरी चालंल, बाई," ती म्हणाली. "फकस्त वर्गात तिच्यासमोर सहलीच्या गोष्टी करू नका. मंग घरी येऊन ती बोलतच न्हाय."

ती पोरगी गप्प बसलेली मला कल्पनेतसुद्धा बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना म्हटलं, सहल अष्टमीला नेऊ. अष्टमीच्या आसपास, ज्याला आम्ही भांग म्हणतो, सकाळ-संध्याकाळ पाणी वर असतं आणि लाँच धक्क्याला लागून उभी राहते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही, कारण तारीख ठरवणारे सगळे उडी मारू शकणारे होते. मुख्याध्यापक घाटावरचे. समुद्र नक्की वर येईल ना, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मग मात्र घरोघरी जाऊन नवी तारीख त्यांनीच सांगितली. उडी हुकणार म्हणून काही पोरं फुरंगटली, त्याला माझा इलाज नव्हता.

अष्टमीला सकाळी खलाशांनी फळी टाकली आणि खुर्ची सरळ लाँचमध्ये गेली. तिची आई नवी साडी नेसून, डब्याची पिशवी घेऊन मागोमाग निघाली. लेक जाईल तिथे आपण जायचं, हे तिच्या अंगवळणीच पडलेलं. मुलीने खुर्ची वळवली.

"तू कशाला येतेस? कुनाचीच आई येत न्हाय."

आई फळीवर थबकली. मी म्हटलं, आम्ही आहोत, काळजी करू नका. तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि माघारी धक्क्यावर गेली. खलाशी फळी ओढू लागला, तेव्हा तिने मला विचारलं, "संध्याकाळपर्यंत मी काय करू, बाई?"