एकट्याचं ‘व्हय म्हाराजा’

हे मी घरात बोललेलो नाही. मंडळात तर नाहीच. आज तुम्हाला सांगतो आहे, तेही सरळ सांगता येईल की नाही याची खात्री नाही. कामं नेटकी करायची मला सवय आहे. सकाळी उठल्यावर दिवसाची यादी करायची, संध्याकाळी एकेक खोडून टाकायचं. हे एक मात्र कुठल्याच यादीत मी कधी लिहिलं नाही.

मालवणात आमचं हिशेबनिसांचं मंडळ होतं. वखारींचे, दुकानांचे, बोटीच्या एजंटांचे, सोसायट्यांचे हिशेब लिहिणारे आम्ही लोक. मी चिटणीस. मंडळ निघालं तेव्हा सगळ्यांनी हौसेने नावं दिली आणि मग बैठकीला कोणी येईना. रविवारी शाळेचा वर्ग उघडून घ्यायचा, बाकं पुसायची, पाण्याची कळशी भरून ठेवायची, आणि वाट पाहायची. विक्रीकरावर बोलायला रत्नागिरीहून एक गृहस्थ आणले, तर ते, मी आणि शाळेचा शिपाई. गृहस्थ भले होते. शिपायाकडे बघून पुरं भाषण केलं.

मला ते लागलं. सभासद आहेत आणि येत नाहीत, म्हणजे चिटणीस कशाला आहे?

मग एक युक्ती सुचली. भाषणं बंद. दर बैठकीला एकाने आपल्या हातून झालेली चूक सांगायची. खरी, कामातली, मालकाला न कळलेली. बाकीच्यांनी त्यातून शिकायचं. अट एकच, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. पण अट पाळली जाईल हे कशावरून? ते काम बाबी परबाने केलं. बाबी बोटीच्या एजंटाकडे हिशेब लिहायचा, माझ्याच वयाचा, आणि जिभेला हाड नसलेला. त्याने टेबलावर नारळ ठेवला, हात जोडले आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, आज हय जा काय बोलला जायत, ता ह्या उंबऱ्याच्या भायर जाता नये रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही म्हणालो.

“आणि जो कोण भायर सांगीत, त्याचो ताळेबंद जन्मात जुळो नये रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

हसून हसून पुरेवाट झाली. पण गंमत अशी की त्या हसण्यानंतर कोणी खोटं बोललं नाही. गाऱ्हाणं ते गाऱ्हाणं, आमच्याकडे ते थट्टेतही पुरतं थट्टेचं राहत नाही. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं सांगायची. वर्ग भरू लागला. आचऱ्याहून, देवबागेहून माणसं येऊ लागली. आल्या-आल्या विचारायची, “आज कोणाची पाळी?” खरं सांगतो, इतका आनंद मला पुन्हा कशाने झाला नाही.

दाजी सामंतांची पाळी आली ती पावसाळ्याआधीच्या बैठकीला. दाजी आमच्यात सगळ्यांत वडील, कौलांच्या वखारीचे जुने हिशेबनीस. गलबतातून कौलं उतरायची, फुटकी-धड वेगळी व्हायची, ते सगळं दाजींच्या हातून जायचं. त्यांनी आधी नारळाला हात लावला. मग म्हणाले, “माझी चूक एक नाय. माका आता आकडेच दिसनत नाय. सांजचे मी वही घराकडे नेतंय. सून वाचता, मी लिवतंय. आता तर लिवता पण तीच.”

वही वखारीबाहेर न्यायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.   पण घरात मिळवणारे दाजी एकटेच होते. मुलगा बोटीवर गेला होता तो परत आला नव्हता. सून, नातवंडं सगळी त्या वखारीवर जगत होती. जाताना बाबीने नारळ फोडला आणि दोन वाट्यांतलं मोठं भक्कल दाजींच्या हातावर ठेवलं.

आता पुढचं.

कुडाळच्या बाजारच्या दिवशी मी काही कामाला गेलो होतो. परतीच्या एस.टी.ची वाट बघत होतो, तर शिरोडकर भेटला. हा तरुण हिशेबनीस, हुशार, आणि मंडळाला नाक मुरडणारा. मी त्याच्या मागे वर्षभर होतो. “तुमच्या मंडळात येऊन काय करू? चहा पिऊ?” असं तो नेहमी म्हणायचा. त्या दिवशीही म्हणाला.

मी म्हटलं, चहा कसला, अरे माणसं काळीज काढून ठेवतात तिथे. तो हसला. त्या हसण्याने मला डिवचलं का? की नुसतीच हौस? मी त्याला दाजींची गोष्ट सांगितली. नावासकट. सुनेसकट. चांगली रंगवून सांगितली. गाडी आली तेव्हा तो म्हणाला, “मग यायलाच हवं एकदा.” मी खिशातली यादी काढून त्यावर त्याचं नाव लिहिलं.

एवढंच असतं तर मी अजाण होतो असं म्हणता आलं असतं. पण नव्हतो. शिरोडकर कुडाळात ज्या दुकानावर होता ते दुकान दाजींच्याच शेठचं. मला ते माहीत होतं. बोलायच्या आधी माहीत होतं, बोलतानाही माहीत होतं. मी बोललो, कारण मला एक सभासद हवा होता.

शेठनी आरडाओरडा केला नाही. दाजींना बोलावून म्हणाले, आता विश्रांती घ्या, मंडळात तुम्ही स्वतःच कबूल केलंत म्हणे. झालं.

म्हणजे कोणीतरी बाहेर बोललं, हे सगळ्यांना कळलं. कोण बोललं असेल? विचार करायची कोणाला गरजच पडली नाही. जिभेला हाड नसलेला माणूस एकच होता. बाजारात बाबीला बघून माणसं गप्प होऊ लागली. एकाने त्याच्या तोंडावर म्हटलं, “बाबी, तुका मासळी पचता, पण ऐकलेली गजाल पचणा नाय.” बाबी हसला. हसला म्हणून लोकांची खात्रीच पटली.

पुढच्या बैठकीला वर्ग भरलेला होता. मीच निरोप धाडले होते. तिथे खरं सांगायचं असं ठरवून गेलो होतो. बाबीने नेहमीसारखा नारळ ठेवला. हात जोडले. “बा देवा म्हाराजा, आज हय जा काय बोलला जायत, ता उंबऱ्याच्या भायर जाता नये रे म्हाराजा.”

कोणी बोललं नाही. कोणी खिडकीबाहेर बघत होतं, कोणी बाकावर नखाने ओरखडत होतं. बाबी हात जोडून उभा. त्याचा चेहरा मला दिसत होता. तेव्हा तोंड उघडायचं होतं ना मला? उघडलं. आणि त्यातून निघालं, “व्हय म्हाराजा.”

एकट्याचं. चांगलं मोठ्याने.

बाबीने माझ्याकडे पाहिलं, नारळ उचलून पिशवीत टाकला आणि निघून गेला. त्यानंतर तो मंडळात आला नाही. हळूहळू बाकीचेही येईनात. शिरोडकर तर आलाच नाही.

दाजींकडे मी एकदा गेलो. ओसरीवर बसले होते, बंदरातल्या बोटीच्या भोंग्याकडे कान देऊन. सून आतून चहा घेऊन आली. वखार सुटल्यापासून ती लोकांच्या घरी दळायला जात होती, बोटांवर पीठ होतं. दाजींनी विचारलं, “मंडळ कसा चलता?” मी म्हटलं, बरं चाललंय. कोण बोलला असेल, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? चहा पिऊन उठलो. पुढच्या वर्षी ते गेले.

माझा ताळेबंद दरवर्षी जुळला. एकदाही अडला नाही.

बाबी आहे. एजंटाने त्याला काढलं नाही, पण आतल्या कागदांना हात लावू देणं बंद केलं. ते काम सोडून तो आता घरच्या माडांचं बघतो. रस्त्यात भेटला की थांबतो, खांद्यावर हात ठेवतो. एकदा म्हणाला, “चिटणिसा, त्या दिसा सगळे गप होते. तू एकटोच व्हय म्हाराजा म्हणालंस. मी इसरूक नाय.”

दर शिमग्याच्या सुमाराला त्याच्या घरून ओले काजूगर येतात, सोलून, केळीच्या पानात बांधून. सोलताना चिकाने बोटं सोलवटतात, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. याही वर्षी आले. बायकोने उसळ केली. चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली.