चारनंतरचं पाणी

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला कार्यालयात पाण्याची बाटली तोंडाला लावली होती. सुमनबाई माझ्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. लातूरच्या ज्या वृद्धनिवासात त्या दीड वर्ष होत्या, तिथले व्यवस्थापक बोलत होते. "आजी पहाटे बाथरूममध्ये पडल्या. त्रास काही झाला नाही त्यांना." मी नुसतं "बरं" म्हणाले... बाटली मात्र पुन्हा उचलता आली नाही. बाई तिथं कशाला गेल्या असतील, ते मला फोन ठेवायच्या आधीच कळलं होतं.

नायगाव तालुक्यातलं आमचं गाव. शाळेला दोन खोल्या आणि मुलींसाठी संडास नाही. म्हणून आम्ही मुली शाळा सुटेपर्यंत पाणीच प्यायचो नाही. आयांनीच तसं बजावलेलं असायचं. उन्हाळ्यात एकदा मी फळ्यासमोर चक्कर येऊन पडले, तेव्हा बाईंना हे कळलं. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या तासाला शिकवणं थांबवून त्या माठाजवळ उभ्या राहायच्या, "चला, उठा, पाणी प्या" म्हणायच्या आणि शाळेमागच्या आपल्या भाड्याच्या घराचं दार आमच्यासाठी उघडं ठेवायच्या. घरमालकीण कुरकुरली तर म्हणायच्या, "पोरींची शाळा सुटण्यापरीस तुमची खोली सुटलेली बरी." आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. माझा कॉलेजचा पहिला फॉर्म बाईंनीच भरला. नोकरी लागल्यावरही भेटले की विचारायच्या, "पाणी पितीस का? पदवी मिळाली, पण पाणी प्यायला अजून सांगावंच लागतं तुला."

बाईंना मूलबाळ नव्हतं. खुब्याचं हाड मोडल्यावर पुण्याच्या भाच्यानं त्यांना लातूरला ठेवलं. मी महिन्यातून एका रविवारी जायची. झाडलेलं अंगण, पांढऱ्या चादरी बघून मला हायसं वाटायचं. एकदा मात्र नेहमीपेक्षा उशिरापर्यंत थांबले. चार वाजता देखभालीच्या मावशी आल्या आणि खोलीतले तांबे, पेले गोळा करून घेऊन गेल्या. मी त्यांच्या मागं गेले. त्या आवाज खाली करून म्हणाल्या, "चारनंतर पानी बंद हाय, म्याडम. वरूनच सांगितलंय. राती आमी दोघीच असताव. किती जनीला उठवावं, किती चादरी धुवाव्या?"

खोलीत परत आले तर बाईंचे ओठ कोरडे, फुटलेले दिसले. आधीही तसेच असतील, मीच बघितले नव्हते. शेजारच्या खाटेवर किल्लारीकडच्या गंगाबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. मी म्हणाले, "बाई, ऑफिसात अभिप्रायाची वही आहे. मी आत्ता लिहून येते." बाईंनी माझं मनगट धरलं. सरपंचापुढं आवाज चढवताना मी ज्यांना पाहिलं होतं, त्या आता कुजबुजत होत्या. "लिहू नको, संगे. तू पाचच्या गाडीनं जाशील. मी इथंच हाय."

निघताना व्यवस्थापकांनी स्वतःच वही पुढं केली. "तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाचे दोन शब्द पाहिजेत." मी लिहिलं, बाईंनीच वळण लावलेल्या अक्षरात : 'स्वच्छता उत्तम. ज्येष्ठांची मनापासून काळजी घेतली जाते.' खाली सही केली, सहीपुढं पदवी. मला वाटलं, चांगलं लिहिलं की बाईंना जरा जास्त जपतील. पुढच्या वेळी पेढेही नेले. आम्हाला तेच शिकवलेलं होतं, कुणाच्या दारात गेलं की आधी हात जोडायचे.

बाईंचं सामान आणायला गेले, तर माझा तो अभिप्राय झेरॉक्स काढून, चौकटीत घालून दाराशीच लावलेला. मावशींनी पिशवी दिली. दोन साड्या, चष्मा, आणि खोकल्याच्या औषधाचं प्लॅस्टिकचं माप. "हे मुठीत होतं त्यांच्या," एवढंच त्या बोलल्या. पेले रोज उचलून नेत. हे एवढंसं माप कुणाच्या ध्यानात आलं नसावं. ते घेऊन, भिंत धरत धरत, बाई नळाकडं गेल्या होत्या.

मी वही मागून घेतली आणि माझ्याच सहीखाली लिहिलं : 'इथं चारनंतर पाणी देत नाहीत. वरचा अभिप्राय मी भिऊन लिहिला होता. तो खरा नाही.' जिल्ह्याच्या कार्यालयात अर्जही दिला. उत्तर अजून आलेलं नाही. भीती मात्र गेली नाही, तिनं नुसती खाट बदलली. बाईंच्या खाटेवरून ती गंगाबाईंच्या खाटेवर आली आहे. माझ्या त्या दोन ओळींचा राग कुणी त्यांच्यावर काढला तर? विचारलं की त्या म्हणतात, "बरं हाय."

आता मी दर रविवारी जाते. अजून मला कुणी अडवलेलं नाही, पण फाटक दिसलं की मी पर्सची चेन ओढून घेते. पाचची गाडी मी सोडून देते. पेले उचलून नेले की पर्समधून माझी बाटली आणि बाईंचं ते माप काढते, भरते, आणि गंगाबाईंना म्हणते, "उठा, पाणी प्या."

त्या माप हातात घेतात. आधी दाराकडं बघतात, मग पितात.