थंड पाण्याचा रेग्युलेटर

अल्फान्सो मुनीस उत्तनच्या पालीतला. बाप मासेमारीतला, आजाही मासेमारीतला, पण अल्फान्सोला बोट लागायची. किनारा सुटला की पोट ढवळायला लागायचं. पाण्याखाली गेला की मात्र त्याला काही व्हायचं नाही. गावात यावरून हसणारे पुष्कळ होते. सन बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास तो भाईंदरला मेघजीशेठ नावाच्या ठेकेदाराकडे पाणबुड्या म्हणून लागला, आणि मग कोणी हसेना.

मेघजीशेठ खाडीतली कामं घ्यायचा. पुलाच्या खांबांचे पाये तपासायचे, बुडालेल्या रेतीच्या होड्यांना साखळ्या लावून द्यायच्या, तुटलेले नांगर शोधायचे. खाडीचं पाणी इतकं गढूळ, की डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हातही दिसत नसे. सगळं काम चाचपून. भरती-ओहोटीच्या मधे पाणी थोडा वेळ थांबतं, तेवढ्यात खाली जायचं आणि प्रवाह धरायच्या आत वर यायचं. घरी आला की कानांत दडे बसलेले असायचे. बायको ॲग्नेस आंघोळीला कढत पाणी काढून द्यायची. कितीदा तरी तो ताटावरच पेंगायचा, आणि ती त्याच्या हातातला घास काढून परत ताटात ठेवायची.

त्याचा जोडीदार जवळच्या राई गावचा नाथा. दोघं एकदमच खाली जायचे. शेठकडे हवेच्या टाक्या होत्या आणि दोन रेग्युलेटर. टाकीत दाबून भरलेली हवा श्वासाला बेताची करून तोंडात देणारं यंत्र, ते रेग्युलेटर. एक जुना, दोन जाड रबरी नळ्यांचा, त्या नळ्या दोन्ही खांद्यांवरून पुढे यायच्या. दुसरा नवा, एका नळीचा, सुटसुटीत. नाथाला नवा आवडायचा. अल्फान्सो जुनाच वापरायचा. सवय झाली होती, एवढंच कारण.

एकाहत्तरच्या थंडीत शेठने उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका धरणाचं काम घेतलं. दरवाज्यांत अडकलेली लाकडं काढायची होती. अल्फान्सो आणि नाथा आगगाडीने, मग ट्रकने तिथे पोचले. रबरी पोशाखातूनही दात वाजत होते.

तळाशी पोचल्यावर नाथाचा रेग्युलेटर गोठला. दाबलेली हवा सैल होताना गार पडते. आपल्या खाडीत ते कळतही नाही. पण बर्फासारख्या पाण्यात झडपेवरच बर्फ धरतो, झडप उघडीच्या उघडी राहते आणि सगळी हवा भसाभसा निघून जाते. आजूबाजूला नुसते बुडबुडे झाले. अल्फान्सोने त्याला धरलं, स्वतःच्या तोंडातली नळी काढून त्याच्या तोंडात दिली. नाथाने एक-दोन श्वास घेतले. मग तो घाबरला, हात झटकला आणि एका दमात वर गेला. इतक्या खोलातून असं वर यायचं नसतं, रक्तात हवेचे बुडबुडे धरतात. जीव वाचला, पण उजवा पाय बधिर झाला तो कायमचा.

गावी आल्यावर नाथा मिठागरावर राखणदार म्हणून बसायला लागला. त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ लवू शेठकडे आला. अल्फान्सो खाडीत उतरतच राहिला, पण त्याच्यातलं काहीतरी विझलं होतं. थकवा पूर्वीही यायचा, झोपेने जायचा. आता सकाळी उठतानाच तो अंगात असायचा.

चौऱ्याहत्तर सालापर्यंत जुन्या रेग्युलेटरच्या नळ्यांना भेगा पडल्या. अल्फान्सोने सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवून वर्ष काढलं. आपल्याकडे तसले सुटे भाग मिळत नव्हते. ॲग्नेसचा धाकटा भाऊ रॉबर्ट जहाजावर खलाशी होता. त्या वर्षी तो रजेवर आला, तेव्हा अल्फान्सोने त्याला विचारलं. रॉबर्ट म्हणाला, "आनतो की. पन एकच. कस्टमवाले दोन सोडनार न्हाईत." परदेशातल्या दुकानातून आणलेलं पाणबुड्यांच्या सामानाचं एक चित्रांचं पुस्तक त्याने जेवणाच्या मेजावर उघडलं.

"भावजी, ह्यो साधा हाय," तो म्हणाला. "आत भाग कमी. बिघडला तर घरी बसून खोलशील. गरम पान्यात मस्त चालतो."

"आनि ह्यो?"

"ह्यो थंडीचा. स्प्रिंगची जागा बंद केलेली, आत तेल भरलेलं. पानी शिरतच न्हाय, मग बर्फ कसा धरंल? पन जड हाय. आनि बिघडला तर दुकानात न्यायला लागतो."

"इथं कुठलं दुकान," अल्फान्सो म्हणाला. त्याने फार विचार केला नाही. "साधाच आन."

ॲग्नेस भांडी उचलत होती. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी भाईंदरच्या बंदरावर टाक्या भरता भरता लवू म्हणाला, "दादा, शेठनं ते डोंगरातलं धरन परत घेतलंय. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात."

"मग?"

"मी हो म्हनलो."

"कशानं जानार खाली?"

"आपला एक नळीवाला हाय ना. शेठनं दुरुस्त करून घेतलाय."

तो नाथाचाच रेग्युलेटर होता. त्या दिवशी पुलाच्या खांबाशी काम करताना दोनदा त्याचा हात चुकला. संध्याकाळी घरी न जाता तो राईला गेला. नाथा मिठागराच्या बांधावर पाय पसरून बसला होता.

"लवूला थांबव," अल्फान्सो म्हणाला.

"सांगून झालं. ऐकत न्हाय. त्याच्या वयात आपन तरी कुनाचं ऐकत होतो?" नाथाने पाय हाताने उचलून दुसरीकडे ठेवला. "तुझा मेवना आनतोय म्हनं नवीन. कुठला?"

"साधा."

"खाडीला तो चांगला?"

नाथाशी खोटं बोलायची अल्फान्सोला सवय नव्हती. "न्हाय," तो म्हणाला. "खाडीला पन तो बंदवालाच बरा. गाळ आत जात न्हाय."

"मग?"

"तो घरात आला की शेठ मला धरनाला पाठवनार. साधा असला म्हंजे सांगता येतं, माझ्याकडं थंडीचा न्हाय. नाथा, मला परत त्या पान्यात जायचं न्हाय."

नाथा रागावला नाही. "मग जाऊ नको. त्याला यंत्राचं निमित्त कशाला? शेठ म्हनंल जा, तू म्हन जात न्हाय. तोंड हाय ना तुला." मग म्हणाला, "लवू तर जानारच हाय."

अल्फान्सो घरी आला आणि चपला न काढताच ओट्यावर बसला. ॲग्नेस बाहेर आली. त्याने तिला सगळं सांगितलं. ती ऐकत असताना तिचे हात कोळंबी सोलतच होते.

"मला कालच कळलं होतं तू साधा का मागितलास ते," ती म्हणाली. "रॉबर्ट अजून इथंच हाय. जाऊन सांग त्याला, थंडीचाच आन म्हनून. आनि शेठला काय ते तुझं तूच सांग. ते मी सांगू शकत न्हाय."

रॉबर्ट पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता आला. कापडात गुंडाळलेला तो जड रेग्युलेटर त्याने बहिणीच्या हातात दिला. मेघजीशेठने तो पाहिला, उलटसुलट केला आणि खूश झाला. "अब ठीक है. तू और लवू, दोनों जाओ."

"रेग्युलेटर जाएगा शेठ," अल्फान्सो म्हणाला. "मैं नहीं जाएगा."

शेठ ओरडला नाही. तसा तो वाईट माणूस नव्हता. "फिर मेरे पास तेरे लिए बारा महिने का काम नहीं रहेगा, अल्फान्सो."

"चलेगा."

त्याला वाटलं होतं, हे बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. बंदरापासून स्टँडपर्यंतचा रस्ता त्या दिवशी फार लांब वाटला.

लवू निघण्याआधी अल्फान्सोने त्याला समोर बसवलं. "पान्याबाहेर ह्यातून श्वास घेऊ नको. तोंडाची वाफ आत राहते, तिचाच बर्फ होतो. खाली गेल्यावर घाई करू नको, जोरात हवा ओढू नको. आनि काही झालं तरी एकदम वर यायचं न्हाय." लवू मान डोलावत होता. बाकीचं सांगण्यासारखं त्याला नाथानेच सांगितलं असणार.

तो हिवाळा अल्फान्सोने घरी काढला. रेग्युलेटर डोंगरात, काम नाही. सकाळी तो ॲग्नेसबरोबर बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकायला टांगायचा, दुपारी झोपायचा, आणि उठल्यावर झोपण्याआधीपेक्षा जास्त दमलेला असायचा. रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेला की मागच्या बाकावर बसायचा. एकदा नाथा बसने उत्तनला आला. अंगणात दोघं चहा पीत बसले. मिठाचं बोलले, बोंबलाचं बोलले. लवूचं नाव दोघांनीही काढलं नाही. जाताना नाथा म्हणाला, "बरं वाटलं," आणि लंगडत बसकडे गेला.

होळीच्या आधी लवू परतला. वाळला होता, हातांची कातडी फाटली होती. भाईंदरला उतरून तो आधी राईला भावाकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी रेग्युलेटर घेऊन उत्तनला आला.

"दादा, एकदा पन अडला न्हाय."

"दरवाजे?"

"सगळे मोकळे केले."

"आनि तू?"

"परत विचारलं तर जाईन," लवू म्हणाला. "पन आवडलं न्हाय."

ॲग्नेसने त्याला जेवायला वाढलं. अल्फान्सो शेजारी बसून तो जेवताना पाहत होता. आनंद वाटायला हवा होता. पण पाय फार जड झाले होते. लवू हात धुऊन येईपर्यंत अल्फान्सोला तिथेच, भिंतीला टेकून, झोप लागली होती. लवूने रेग्युलेटर भिंतीशी ठेवला आणि आवाज न करता चपला घातल्या.

पुढे दोन-तीन वर्षं शेठ त्याला कधीमधी खाडीच्या कामाला बोलवायचा. तो जायचा, उतरायचा, वर यायचा. डावा कान पूर्ण गेला तेव्हा डॉक्टरांनी मनाई केली. तोवर त्याने मनात केव्हाच सोडलं होतं. त्यानंतर तो किनाऱ्यावर मासळीच्या वाटण्या मोजायला उभा राहू लागला. बोटीत मात्र शेवटपर्यंत चढला नाही.

अल्फान्सोचं उतरणं थांबल्यावर रेग्युलेटर लवू वापरायला लागला. एकदा तो परत द्यायला आला होता. म्हणाला, "दादा, तुमची वस्तू हाय."

"इथं राहिला तर रबर सुकून जाईल," अल्फान्सो म्हणाला. "घेऊन जा. नाथाला सांग, रविवारी येतो म्हनून."

आणि रविवारी तो राईला गेला.