प्रतिकूल बाजूची मुलगी

असले भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते चुका काढायला. "माझ्या मित्राच्या काकांना दिसलं" असं कोणी लिहिलं की खाली माझी कमेंट ठरलेली — आधी काकांना बोलवा. शाळेपासून वादविवाद करत आले आहे, पुरावा नसला की माझं डोकं फिरतं. आणि आज स्वतःच लिहायला बसलेय, तर पुरावा माझ्याकडेही नाही. झोडपा खुशाल...

मी नववीत होते. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणायचो. बाबांना इथं गोदामात नोकरी लागली, म्हणून आम्ही लासूर स्टेशनहून सिडकोत राहायला आलो होतो. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी मी तोंड उघडलं आणि "लई" बाहेर पडलं. वर्ग हसला. पोरी वाईट नव्हत्या हो, पण त्यांचे डब्याचे गट पहिलीपासून ठरलेले. त्यात आणखी एक जागा करावी असं कोणाला वाटलं नाही. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून डबा खायचे आणि मांडीवर पुस्तक उघडं ठेवायचे. वाचायचे नाही, नुसतं ठेवायचे. पुस्तक असलं की येणारे-जाणारे कीव करत नाहीत.

वादविवादाला नाव दिलं तेही यासाठीच. तिथे शाळेची जोडी जाते — एकीने विषयाच्या बाजूने, म्हणजे अनुकूल बोलायचं, दुसरीने विरोधात, म्हणजे प्रतिकूल. म्हणजे कोणाला तरी माझ्याबरोबर बसावंच लागणार! खरं सांगते, मला चषक-बिषक नको होता. जोडीदार हवी होती. वर्गातली सानिका मिळाली. सरावाच्या दिवसांत एकदा तिने माझ्या डब्यातली तिळाची चटणी मागून खाल्ली, तर घरी जाऊन मी आईला ते दोनदा सांगितलं. विषय होता, "पुस्तकासारखा दुसरा मित्र नाही". मी अनुकूल, ती प्रतिकूल.

स्पर्धेच्या सकाळी सानिकाच्या आईचा आमच्या कुलकर्णी मॅडमना फोन आला. गंगापूरला मावशीकडे साखरपुडा आहे, ती काही येत नाही. मला कळवावं असं सानिकाच्या मनातही आलं नव्हतं.

"आता काय करायचं मॅडम?"

"करायचं काय? तू तुझं बोल. जोडी मोडली, सांघिक बक्षीस गेलं. रडका चेहरा करू नकोस, चल."

एका कॉलेजच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. भर दुपार, सगळी दारं उघडी, पंखे गरगरताहेत, पोरांचा कलकलाट — भुताखेतांना अजिबात सोयीची जागा नव्हती. आमच्या जोडीचा क्रमांक अकरा. मॅडम मागे शिक्षकांमध्ये बसल्या होत्या. मी बोलले, बरी बोलले, खाली येऊन पुढच्या रांगेत बसले. मग पुकारा झाला, "अकरा-ब, प्रतिकूल बाजू."

आता "अनुपस्थित" म्हणतील आणि पुढचं नाव घेतील, म्हणून मी मान खाली घातली. कोणी काही म्हणालं नाही. हॉल एकदम शांत झाला. मी वर बघितलं. माइकसमोर कोणी नव्हतं, आणि सगळे माइककडे बघत होते. आधी वाटलं, वाट बघताहेत. पण वाट बघणारा माणूस चुळबुळ करतो, दाराकडे बघतो. हे सगळे ऐकत होते! एक परीक्षक मान डोलवत काहीतरी लिहूनही घेत होते. मला फक्त पंख्यांचा आवाज येत होता. मध्येच अख्खा हॉल खळखळून हसला... आणि हसता हसता सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

वाटलं, सगळे मिळून आपली चेष्टा करताहेत. वेळ संपत आल्याची घंटा झाली, मग शेवटची झाली, आणि टाळ्या पडल्या — माझ्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त. मी उठून सरळ बाहेर आले.

व्हरांड्यात कॉलेजची एक ताई पोह्यांच्या प्लेटा भरत होती. मला बघून म्हणाली, "अरे, तेरी पार्टनर क्या बोली यार! अभी इधर से गई. पायऱ्यांवर बैठती बोली. उसकी प्लेट भी तूच लेके जा ना."

दोन प्लेटा घेऊन मी पायऱ्यांवर गेले. कोणी नव्हतं. मी बसले. कोण येणार हे माहीत नसताना मी वाट बघितली, पोह्यांना हात लावला नाही. पार गार झाले.

मग मॅडम आल्या, अर्ध्या रागात आणि अर्ध्या खुशीत. "कोण गं ती? लासूरची मैत्रीण ना? आणि आपला गणवेश कुठून मिळवलास तिला? नियमात बसत नाही हे, उद्या कळलं तर मला उत्तर द्यावं लागेल!"

"मॅडम, तिथं कोणीच नव्हतं."

"पुरे कर. तुझ्यासारखंच बोलत होती, लई-लई करत. पण काय धीट पोरगी! भर सभेत म्हणते, 'माझी जोडीदार रोज पुस्तक उघडून जेवायला बसते. शेवटचं पान कधी उलटलं, विचारा बरं तिला!'"

हॉल हसला होता तो तेव्हा. ते पुस्तक मी नुसतं उघडं ठेवते हे मी कोणालाही, अगदी आईलाही सांगितलेलं नव्हतं.

"अजून काय म्हणाली?" मी विचारलं.

"शेवटी म्हणाली, 'पुस्तकाशी माझं भांडण नाही. पण तिच्या शेजारी मला बसायचं होतं.' ...अगं, रडतेस कशाला?"

सांघिक दुसरं बक्षीस आम्हाला मिळालं. घरी आईने चषकाकडे धड बघितलंही नाही. "दोघींचं हाय व्हय? मंग ती पोरगी मैत्रीण झाली का तुझी?" तिचा चेहरा इतका खुलला होता की मी "व्हय" म्हणून मोकळी झाले. "आण की मंग घरी. लई दिवस झाले, कोणीच येत नाय तुझ्याकडं." त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले.

दुसऱ्या दिवशी सानिकाने साखरपुड्याचे फोटो दाखवले, म्हणजे बोलणारी ती नव्हतीच. लासूरच्या मैत्रिणींना विचारलं, त्यांनी मलाच वेड्यात काढलं. सवयीप्रमाणे मी दोन्ही बाजू मांडून बघितल्या आहेत. कोणीतरी खरंच आली होती म्हणावं, तर मी पुढच्या रांगेत डोळे उघडे ठेवून बसले होते. कोणी आलीच नव्हती म्हणावं, तर एवढी माणसं हसली कशाला? निकाल अजून लागलेला नाही, आणि आता लागेल असं वाटत नाही.

भीती मला तेव्हाही वाटली नाही. राग येतो, आणि तो अजून जात नाही. परीक्षकांनी तिला ऐकलं, मॅडमनी पाहिलं, पोह्यांवाल्या ताईशी ती उभी राहून बोलली. बसायचं मात्र माझ्या शेजारी होतं म्हणे. एकदा नुसती हाक मारली असती, तर मी सरकून जागा केली असती.