आक्का, मी आणि दा नांगचा भात

व्हिएतनामच्या सहलीला खरं तर मी आणि माझे यजमान जाणार होतो. दोन महिने आधी त्यांचा गुडघा इतका सुजला की डॉक्टरांनी विमान सोडा, जिनाही चढू नका म्हणून सांगितलं. मला वाटलं, आता सगळंच रद्द. पण ह्यांनी मला न विचारता उदगीरला फोन लावला आणि आपल्या जागी थोरल्या बहिणीचं नाव घालून टाकलं.

माझी नणंद म्हणजे आक्का. सत्तरीला टेकलेल्या. त्यांचे यजमान वारल्यावर धान्याची आडत त्यांनी एकटीने चालवली. मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, हमालसुद्धा त्यांच्यापुढे दबून बोलतात. मी लातूरच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, वर्गात कुणाला घाबरले नाही, पण आक्का घरी आल्या की माझी भाकरी तव्यावर फाटायची. आता त्यांच्यासोबत सहा दिवस एका खोलीत काढायचे होते.

लातूर-उदगीरची आम्ही बावीस माणसं हैदराबादहून निघालो. विमानतळ आरशासारखा लख्ख. विमानही चांगलं होतं, वेळेवर सुटलं. जेवण मात्र कोमट आणि पाव दगडासारखा. आक्कांनी पाव तसाच बाजूला ठेवला आणि पिशवीतून धपाटे काढले. शेंगाच्या चटणीचा वास मागच्या तीन रांगांत गेला. आमच्याच गटातल्या एका काकांनी मागून हात पुढे केला, मग त्यांच्या शेजारच्या परक्या बाईनेही. हवाई सुंदरी आली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसले. आक्कांनी तिलाही अर्धा धपाटा दिला. तिने तो कागदात गुंडाळून नेला.

बँकॉकला विमान बदलायचं होतं. तो विमानतळ केवढा मोठा म्हणून सांगू! चालून चालून पाय भरून आले. सरकत्या पट्ट्यावर आक्का आधी चढेनात, आणि चढल्यावर उतरेनात. पट्ट्याच्या टोकाला पोचून पुन्हा दुसऱ्या बाजूने परत गेल्या. आमचा गट पुढे गेला आणि मी त्यांच्या मागे धावत राहिले. तपासणीच्या जागी त्यांच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीने यंत्र वाजलं. तिथल्या बाईने डबी ट्रेमध्ये ठेवायची खूण केली. आक्कांनी मान हलवली. डबीत त्यांच्या रोजच्या पूजेचं इष्टलिंग होतं, ते अंगावेगळं होत नाही. मला इंग्रजीत नेमका शब्दच सुचेना. तोवर आक्कांनी शांतपणे डबी उघडून डाव्या तळहातावर लिंग ठेवलं आणि डोळे मिटले. त्या बाईने क्षणभर पाहिलं, हातातलं यंत्र अलगद वरून फिरवलं आणि जा म्हणाली.

व्हिएतनाममधल्या दा नांगचं हॉटेल समुद्राला लागून होतं. खोली सुरेख, पडदा सारला की निळंशार पाणी. पण दोन पलंग सांगितलेले असताना एकच मोठा पलंग निघाला. हॉटेल भरलेलं, बदलून मिळेना. आक्का म्हणाल्या, "माझं घोरणं ऐकावं लागंल बघ तुला." घोरल्या त्या खऱ्याच, पण पहाटे माझ्या अंगावरची चादर सरकली होती ती नीट केलेली मला आढळली.

सकाळी नाश्त्याला शंभर पदार्थ मांडलेले आणि आम्हा शाकाहाऱ्यांना चालणारे चारच. आक्कांनी वाटीभर भात घेतला. एक शीत चिमटीत धरून दाबलं, उजेडाकडे करून पाहिलं, आणि मग थेट आचाऱ्यालाच बोलावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला वाटलं तक्रार आहे. तो मॅनेजरला घेऊन आला. मी माफी मागू लागले तर आक्का म्हणाल्या, "माफी कशाची मागायलीस? मी काय भांडायला आलेय का? तांदूळ किती दिवसाचा हाय, येवढंच इचार."

मॅनेजरने भाषांतर करणारा फोन पुढे केला. आक्का त्यात आपल्या उदगिरी बोलीत बोलल्या. फोनने काय ऐकलं देव जाणे. आचाऱ्याने आधी चार बोटं दाखवली, मग एक. एकेचाळीस. त्याने स्वतःचं वय सांगितलं होतं. मी पुन्हा फोनवर इंग्रजीत लिहून दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा खुलला. तांदूळ नवा होता, नुकताच आलेला, त्याच्या गावचा. आत जाऊन त्याने मूठभर कच्चा तांदूळ आणला. आक्कांनी एक दाणा दाताखाली धरला आणि मान डोलावली. "नवाच हाय. म्हणून चिकटतोय. माल चोख हाय पण." शेवटचं वाक्य मी त्याला फोनवर भाषांतर करून दाखवलं. तो इतका वाकला की त्याची टोपी पडली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या बावीस जणांसाठी पालेभाजी वेगळ्या कढईत होऊ लागली. आक्का तिथे उभ्या राहून बघायच्या आणि तो मजेत त्यांना बघू द्यायचा.

चौथ्या दिवशी आम्ही समुद्रात उतरलो. आक्कांनी नऊवारीचा काष्टा मारला, माझा हात गच्च धरला. गुडघ्याएवढ्या पाण्यात एक लाट आली आणि आम्ही दोघी बसलोच. इतकं हसलो की उठता येईना. हसता हसताच त्या म्हणाल्या, "तू नवी आलीस तवा मी लई बोलले तुला. न्हाई बोलायला पायजे होतं."

मी म्हटलं, "आक्का, भाकरी खरंच फाटायची हो." त्यांनी माझ्या तोंडावरची वाळू पदराने पुसली, पदरही वाळूचाच होता.

परतताना बिदरजवळ गाडी चहाला थांबली. आक्का टपरीवाल्याशी कन्नडमध्ये बोलू लागल्या. मला त्यातलं 'व्हिएतनाम' तेवढं कळलं. मग त्यांनी लाट किती मोठी होती ते हाताने दाखवलं: खांद्याच्या वर. माझ्याकडे बघून, खरं की नाही, असं मराठीत विचारलं.

"त्याहून मोठी होती," मी म्हणाले.